रात्रीचं पाणी: सापाच्या भीतीवर पायरीपायरीने केलेल्या उपचाराचं एक प्रकरण

हे प्रकरण संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. मी त्यांची मानसिक उपचारांची सल्लागार; उपचार चालू असताना मी त्यांना दादा म्हणायचे, इथंही तसंच म्हणते.

पार्श्वभूमी

दादा चौतिशीतले शेतकरी. परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातलं गाव. सहा एकर रान, एक विहीर. खरिपात सोयाबीन आणि थोडा कापूस, रब्बीत गहू-हरभरा. कालव्याला पाणी सुटेल तेव्हा सुटेल, खरा भरवसा विहिरीवरच्या मोटारीचा, आणि मोटार लाईटीच्या पाळीवर. काही दिवस लाईट दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस जेवून-खाऊन बॅटरी आणि खोरं घेऊन रानात जातो, एकेका वाफ्याचं दारं धरत रात्र काढतो आणि पहाटे घरी येतो. आमच्या भागात यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं होतं. कापून ठेवलेले ढीग मळणीयंत्रापाशी आणायचं काम चाललं होतं. दादांच्या चुलतभावाने एका ढिगाखाली हात घातला आणि त्याला पान लागलं. आमच्याकडं साप चावला असं सहसा म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. घोणस होती. दादा त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी कमरेची दस्ती सोडून भावाच्या दंडाला करकचून बांधली, त्याला मोटारसायकलवर मधे बसवलं आणि मागं एक गडी धरायला घेतला. रस्त्यात घरातल्या एका वडीलधाऱ्याच्या आग्रहाखातर एका देवस्थानापाशी तासभर गेला. मग दवाखाना. सर्पविषावरची लस मिळाली, भाऊ वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र ताठ राहिली. दस्ती सोडताना तिथले डॉक्टर म्हणाले, "हे कुणी बांधलं?" तो प्रश्न दादा तेव्हापासून घेऊन फिरत होते. मला हे कळायला सहा भेटी लागल्या.

अडचण नेमकी काय होती

दादा माझ्याकडं सापासाठी आलेच नव्हते. छातीत धडधड, झोप नाही, दिवस मावळला की हातपाय गार, अशी तक्रार होती. फिजिशियनने हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली होती, ती ठीक निघाली. झोपेसाठी दिलेली गोळी दादा झोपताना न घेता संध्याकाळी सहालाच घ्यायला लागले होते, आणि ही गोष्ट त्यांनी त्या डॉक्टरांना सांगितली नव्हती.

वहिनी सोबत होत्या. 'साप' हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आला. दादांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. गावात रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, किरडू म्हणतात. दादांना आता भर दिवसा 'लांबडं'ही नको होतं.

सुरुवातीला त्यांनी फक्त ढिगात हात घालणं सोडलं. ते रास्तच. मग रात्रीचं पाणी सोडलं. वहिनी आणि धाकटा दीर रात्री रानात जायला लागले. मग ठिबकच्या काळ्या नळ्या गुंडाळून भंगारात दिल्या, कारण अंधारात त्या वळवळल्यासारख्या दिसायच्या. मग घरात रात्री पांघरूण झटकणं सुरू झालं, एकदा नाही, बारा-पंधरा वेळा. पारावर कुणीतरी म्हणालं, बाई दारं धरती अन् गडी घरी झोपतो. त्या वर्षी गहू फक्त दीड एकर पेरला.

"पाय उचलंना गेलाय मॅडम. धुऱ्यापतूर येतो अन् तिथंच खिळतो," दादा म्हणाले. धुरा म्हणजे रानाच्या हद्दीचा बांध.

पहिल्या भेटीत वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "घरात कुकरबी लावू देत नाहीत. डाळ पातेल्यात शिजवायलेय मी." मी ते 'घरात चिडचिड' या मथळ्याखाली लिहून ठेवलं. त्या वाक्याकडं पुन्हा यावं लागलं, पण महिनाभराने.

निदानाच्या वेळी एक फरक नीट तपासावा लागला. डोळ्यांसमोर अपघात घडला असेल तर आघातोत्तर ताणविकार असू शकतो. त्यात घडलेलं दृश्य पुन्हापुन्हा समोर येतं, स्वप्नात येतं, माणूस त्या क्षणात परत जातो. दादांच्या बाबतीत ते थोडं होतं, पण प्रमुख नव्हतं. ते मागचं आठवून घाबरत नव्हते, पुढं काय होईल याने घाबरत होते. सहा महिन्यांहून जास्त टिकलेली, एकाच गोष्टीभोवतीची, रोजचं काम बंद पाडणारी भीती म्हणजे विशिष्ट भयगंड, असं निदान मी मांडलं आणि मानसोपचारतज्ज्ञांनी ते मान्य केलं.

भीती मोजायला शून्य ते शंभर असा आकडा विचारण्याची पद्धत आहे. दादांना तो आकडा द्यायला जमेना. "शंभरातली किती म्हणजे कसं?" मग मी विचारलं, मोंढ्यावर माल नेता तसं धरा, क्विंटलभर भीती म्हणजे पुरी. आत्ता किती किलो आहे? लगेच उत्तर आलं, "आत्ता इथं बसून? पंधरा-वीस किलो." पुढचे सगळे आकडे किलोतलेच आहेत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय फक्त औषधाचा. झोप लागली असती, पण गहू वाळलाच असता. शिवाय त्या जातीची शामक गोळी घेऊन भीतीला सामोरं गेलं, तर श्रेय गोळीला जातं आणि मन नवं काही शिकत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करायची आणि उपचार त्याच्या सोबतीने चालवायचा, असं ठरलं. अशी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, हे दादांना दोनदा सांगितलं.

दुसरा पर्याय थेट रात्री रानात नेऊन उभं करण्याचा. याने काहींना गुण येतो. पण दादा अर्ध्यात पळाले असते तर 'पळालो म्हणून वाचलो' हा धडा पक्का झाला असता.

तिसरा, सर्पमित्राला बोलावून खऱ्या सापासोबत बसवणं. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीन तासांच्या आतल्या एकाच बैठकीत प्रत्यक्ष प्राण्याला सामोरं नेतात, आणि तिचे परिणाम चांगले आहेत. मी ती नाकारली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप पकडून असा वापरणं बेकायदा आहे, हे एक कारण. दुसरं मला जास्त मोठं वाटलं. दादांना सापाची सवय करून द्यायचीच नव्हती. ज्या रानात घोणस, मण्यार आणि नाग खरोखर आहेत, तिथल्या शेतकऱ्याने साप पाहून निवांत राहणं हे उपचाराचं यश कसं म्हणायचं? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले बहुतेक खेड्यातले. दादांची भीती खोटी नव्हती, तिचं वजन चुकलं होतं.

चौथा पर्याय वहिनींचा. "बटईनं द्या रान, झंझट मिटंल." आणि पाचवा कुणी बोललं नाही, पण तो माझ्या डोक्यात राहिला. दिवसा लाईट मिळाली असती तर या माणसाला माझी गरज पडली असती का? रात्रीच्या पाळीची सवय लावणं हा उपचार आहे की गैरसोयीशी जुळवून घ्यायला लावणं? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडं नाही. दादांनी मात्र ते सोपं केलं. ते म्हणाले, सौरपंपाचा अर्ज भरलाय, येईल तेव्हा येईल, गव्हाला पाणी आता पायजे.

म्हणून क्रमाक्रमाने भीती उतरवण्याची पद्धत ठरली.

पहिली शिडी

पद्धत जुनी आहे. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याला तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणून दाखवला होता. दक्षिण आफ्रिकेचे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात त्याला पद्धतशीर रूप दिलं. आधी शरीर सैल सोडायला शिकायचं, मग भीतीच्या प्रसंगांची सौम्यापासून तीव्रापर्यंत शिडी करायची आणि सैल शरीराने एकेक पायरी मनात पाहायची. अंग एकाच वेळी आखडलेलं आणि सैल राहू शकत नाही, हा त्यामागचा विचार. पुढच्या संशोधनात दिसलं की सैल होणं मदत करतं, पण खरं काम सामोरं जाण्याने होतं.

सैल सोडण्यासाठी स्नायू आवळून सोडण्याची अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची रीत वापरली. शरीराचे सोळा भाग घेऊन बसलो असतो तर दादा कंटाळले असते. चारच घेतले: मूठ, खांदे, जबडा, पाय. "खोऱ्याचा दांडा धरल्यासारखी मूठ आवळा, आता सोडा," एवढं सांगितलं की त्यांना कळायचं. डोळे मिटायला मात्र ते तयार होईनात. अंधार म्हणजेच तर अडचण. तेव्हा डोळे उघडे ठेवून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत सराव केला.

शिडी मी पुस्तकाबरहुकूम रचली. सापाच्या भीतीवर पाश्चात्त्य प्रयोगशाळांत इतकं काम झालंय (पीटर लँग आणि डेव्हिड लॅझोविक यांचा १९६३ चा विद्यार्थ्यांवरचा अभ्यास त्यातला गाजलेला) की तयार पायऱ्या हाताशी असतात. शब्द, रेखाचित्र, फोटो, चित्रफीत, रबरी साप, कात. 'साप' हा शब्द कागदावर लिहायला दादांना पंचवीस मिनिटं लागली, हात थरथरत होता. पण चार भेटींत घोणसीचा रंगीत फोटो ६० किलोवरून १० वर आला. मी खूश होते.

त्या खुशीत एक चूक केली. चौथ्या भेटीत, फोटोला १० किलो आल्यावर, मी टेबलाच्या खणातून रबरी साप काढला. न सांगता. वाटलं, आता सहज होईल. दादा उठले नाहीत, ते उडाले. खुर्ची मागं पडली. ते दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "मॅडम, सांगायचं ना." पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत.

पायरी कधी चढायची हे रुग्णाने ठरवायचं, हा या पद्धतीचा पहिला नियम. तो मी दुसऱ्यांना शिकवते. वहिनींना फोन करून मी दादांची माफी मागितली. ते परत आले, बहुधा त्या माफीमुळं नाही, गव्हामुळं.

आणखी वाईट पुढं होतं. फोटो, चित्रफीत, अगदी सांगून दाखवलेला रबरी सापही १५ किलोच्या आत आला. पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आसपास गव्हाला मुकुटमुळं फुटतात, ते पाणी चुकवून चालत नाही. त्या रात्री दादा हिमतीने निघाले आणि धुऱ्यावरून परत आले. वहिनींनी सकाळी फोनवर आकडा सांगितला: पंच्याण्णव.

आखाड्यावर

इथं दोन वाटा होत्या. तीच शिडी अजून सावकाश पुन्हा चढायची, किंवा शिडीच चुकली असं मानायचं. सल्लागाराने रुग्णाच्या घरी-रानात जावं की नाही याबद्दल आमच्यात मतं आहेत, आणि जाणं नेहमी बरोबर नसतं. मी गेले. डिसेंबरातली संध्याकाळ, पाच वाजले होते. आम्ही तिघं आखाड्यावर, म्हणजे रानातल्या मुक्कामाच्या जागी, बसलो होतो, वहिनींनी चुलीवर चहा ठेवला होता. दादा बरे होते, मला विहिरीचं पाणी कितीवर आहे ते सांगत होते.

शेजारच्या रानात एक पोरगा ठिबकच्या नळ्या ओढून गोळा करत होता. नळी वाळल्या पाल्यावरून सरकली. स्सर्र. दादांचं वाक्य मधेच तुटलं. मान वळली नाही, डोळेही नाही. फक्त कप धरलेल्या हाताची नखं पांढरी पडली.

"हे," ते म्हणाले.

"किती?"

"पोतं फुटलं."

नळी त्यांना दिसत नव्हती, मधे तुरीची ओळ होती. मी विचारलं, त्या दिवशी ढिगात साप आधी दिसला होता का? नव्हता. ऐकू आला होता. घोणस चिडली की मोठ्याने फुत्कारते, तो आवाज बऱ्याच जणांना कुकरच्या शिट्टीसारखा वाटतो. दादांनी तो ऐकला, कशाचा आहे ते त्यांच्या लक्षात येईना, आणि तेवढ्यात भावाचा हात आत गेला.

पातेल्यात शिजणारी डाळ मला तेव्हा आठवली. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दादांना साप दिसण्याची भीती नव्हती. गावच्या महादेवाच्या पिंडीवर पितळी नाग आहे, त्याला ते दर सोमवारी हात जोडतात, शून्य किलो. न दिसणाऱ्या गोष्टीचा आवाज, आणि तो ओळखायला आपण उशीर करू ही धास्ती, हे खरं दुखणं होतं. 'हे कुणी बांधलं?' हेही त्याच संध्याकाळी बाहेर आलं. दस्ती बांधली ती चूक, देवस्थानापाशी थांबलो ती चूक, आवाज ओळखला नाही ती सगळ्यात मोठी चूक. पुन्हा रानात गेलो तर पुन्हा चुकेन, आणि या वेळी बायको किंवा पोरगं असेल.

दुसरी शिडी

आधी अर्धी भेट माहितीसाठी दिली, कारण या भीतीत अज्ञानाचाही वाटा होता. दंश झाला तर काय करायचं: हातपाय हलू न देता आधार द्यायचा, आवळून बांधायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच बहुविध लस चालते, म्हणून साप मारून सोबत न्यायची गरज नाही. दादांनी हे घराच्या दारामागं खडूने लिहून ठेवलं. त्यांच्या अपराधी भावनेवर मी 'तुमची चूक नव्हती' असं म्हटलं नाही. दस्ती बांधणं चूकच होतं. पण भावाला दवाखान्यात कुणी नेलं, हेही मोजायला लावलं.

नवी शिडी आवाजाची आणि अंधाराची होती. सगळ्यात खाली शेजारच्या घरातला कुकर, दादा आपल्या अंगणात. मग आपला कुकर, दादा ओसरीवर. मग स्वयंपाकघरात, शिट्ट्या मोजत. वहिनींनी तीन आठवडे रोज डाळ कुकरला लावली आणि दर शिट्टीला आतून विचारलं, "किती किलो?" हा उपचाराचा भाग होता आणि थोडी थट्टाही, दोन्ही उपयोगी पडलं.

त्यानंतर दिवसा, बूट घालून, सोयाबीनच्या वाळल्या भुसकटावरून चालणं. मग वहिनी पाल्यावरून नळी ओढतात आणि दादा पाहतात. मग दादा पाठ करून उभे. मग तोच आवाज मोबाईलवर टिपून, रात्री घरात दिवा मालवून. प्रत्येक प्रत्यक्ष पायरीआधी ती एकदा मनात. प्रसंगाचं वर्णन त्यांच्याच शब्दांत कागदावर होतं, मी ते सावकाश वाचायचे: "लाईट आली. मोटार चालू झाली. दांडाला पाणी लागलंय. बॅटरी उजव्या हातात. धुऱ्याच्या कडंला पाला वाजला. तुम्ही थांबलात. बॅटरी तिकडं केली." इथं थांबून मुठी आवळायच्या, सोडायच्या, किलो विचारायचे. २५ च्या खाली आला तरच पुढचं वाक्य.

रानातल्या पायऱ्यांना मी नियम थोडा बदलला. भीती उतरेपर्यंत थांबणं हा जुना आग्रह. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्क आणि इतरांच्या कामातून पुढं आलेला विचार असा, की भीती किती उतरली यापेक्षा जे होईल असं वाटलं होतं ते झालं का, याला महत्त्व जास्त. म्हणून आधी विचारायचं, काय होईल असं वाटतं? "पाला वाजला अन् मला कळंना, तर चावंल." किती वेळा? "दहात नऊ." मग धुऱ्यावरून चाळीस पावलं, कान उघडे ठेवून, आणि प्रत्येक आवाज कशाचा ते बॅटरी मारून पाहायचं. पहिल्या रात्री अकरा आवाज झाले: सात उंदरांचे किंवा पाल्याचे, दोन बेडकांचे, एक त्यांच्याच बुटाचा, एक कळला नाही. त्या न कळलेल्या आवाजापाशी ते दोन मिनिटं उभे राहिले. मला ती रात्र या उपचारातली सगळ्यात मोठी वाटते, त्यांनी एकट्याने पाणी दिलं तीही नाही.

खबरदारी की पळवाट

भयगंडाच्या उपचारात 'सुरक्षेचे उपाय' सोडायला लावतात, कारण त्यांच्या आडोशाने भीती टिकते. कुत्र्याची भीती असलेला माणूस खिशात बिस्किटं घेऊन फिरत असेल तर ती काढून घ्यायची. पण शेतकऱ्याच्या पायातले बूट काढून घ्यायचे का? माझा सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाने घेतला, आणि पाठ्यपुस्तकांत यावर फार थोडं सापडतं.

आम्ही एक साधी कसोटी केली. गावातला कुणीही शहाणा, न घाबरलेला शेतकरी जे करतो ते ठेवायचं. तो जे करणार नाही ते सोडायचं. गमबूट, बॅटरी, काठीने पुढचं गवत हलवणं, पाय दमदार टाकणं (जमिनीचे हादरे सापाला चांगले जाणवतात), मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचणं: ठेवलं. पांघरूण एकदा झटकणं ठेवलं, पंधरा वेळा सोडलं. मोबाईलवर मोठ्याने भजन लावून चालणं सोडलं, कारण त्याने खरा आवाज ऐकूच येत नाही. वहिनींनी पुढं चालणं सोडलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला चावलं असतं तर चालत होतं का?" दादा हसले, मग गप्प झाले. दंडावरचा ताईत होता, त्याला हात लावला नाही. तो कुठली पायरी अडवत नव्हता.

एकदा दादाच उत्साहात म्हणाले, आता मी बिनबॅटरीचा ढिगात हात घालून दाखवतो. मी नाही म्हटलं. ही पायरी शिडीवर कधीच येणार नव्हती. ढीग काठीने आधी हलवायचा, मग उचलायचा, हे भीतीचं लक्षण नाही.

निकाल

साडेतीन महिन्यांत एकूण तेरा भेटी झाल्या, त्यातल्या तीन रानात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दादांनी धाकट्या भावाला सोबत घेऊन रात्रीचं तीन तास पाणी दिलं. सुरुवातीला ७० किलो, परतताना ३५. फेब्रुवारीत एकट्याने पूर्ण पाळी केली. गोळी तोवर मानसोपचारतज्ज्ञांनी पूर्ण थांबवली होती. गहू दीड एकरच होता, तो आला.

मी प्रकरण मिटलं असं लिहून टाकलं. इथं घाई झाली. थंडीत साप फारसे बाहेर नसतात, दंश जास्त होतात ते पावसाळ्यात. दादांनी परीक्षा दिली ती सोप्या मोसमात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि गोठ्यात धामण निघाली. धामण बिनविषारी, दादांना ते माहीतही होतं. तरी पांघरूण पुन्हा सात-आठ वेळा झटकलं जायला लागलं आणि कुकर दोन दिवस बंद राहिला. या वेळी ते स्वतःहून आले, एकटे, बसने. दोन भेटी पुरल्या. ऑक्टोबरात सोयाबीनचे ढीग उचलले. आकडा विचारल्यावर म्हणाले, "तीस. तेवढी असू द्या मॅडम, तेवढी लागतीच."

आज पुन्हा करायचं तर

वहिनींचं कुकरचं वाक्य मी त्याच दिवशी उलगडून विचारलं असतं, तर पहिल्या शिडीचे चार-पाच आठवडे वाचले असते. शिडी रुग्णाच्या कानांनी, नाकाने, तळपायांनी रचायला हवी होती. मी ती डोळ्यांनी रचली, कारण पुस्तकात फोटो असतात. रानातली भेट पहिल्या पंधरवड्यातच व्हायला हवी होती. रबरी सापाबद्दल वेगळं सांगायला नको.

पाठपुरावा मी कॅलेंडर पाहून ठरवला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तो नक्षत्रं पाहून ठरवायचा होता: एक भेट मृगाच्या आधी, एक सोयाबीन काढणीच्या आधी. आता अशा प्रकरणांत तसंच करते.

आणि एक राहिलं. ज्याला प्रत्यक्ष पान लागलं त्या चुलतभावाबद्दल मी अख्ख्या उपचारात दादांकडूनच ऐकत होते. तो रानात जातो, हसतो, बोलतो, म्हणून तो ठीक आहे असं सगळ्यांनी धरलं, मीही. नोव्हेंबरात दादा शेवटच्या भेटीला आले तेव्हा तो सोबत होता, बाहेरच्या बाकावर बसलेला. दादा आत येऊन म्हणाले, "त्यालाबी रातीचं झोप येईना गेलीय, दोन वरसं झाली. कुणाला म्हणला नाही." पुढची वेळ त्याच्या नावाने लिहिली.